लिनक्सवर वाय-फाय वारंवार तुटत असेल, तर ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी

‘रेंज फुल्ल दाखवतंय, पण नेट चालत नाही’ ही तक्रार लॅपटॉपवर नव्याने लिनक्स टाकलेल्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी येते, आणि तिच्यावरचा पहिला सल्लाही ठरलेला असतो : ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय कार्ड चालवणारा प्रोग्राम, बदल. लातूरला खोली करून पदविका अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याला हा सल्ला तिघांनी दिला, तिघांनी तीन वेगवेगळे ड्रायव्हर सुचवले आणि त्याने ते तिन्ही एकापाठोपाठ एक बसवले. तोपर्यंत तासाला दोनदा तुटणारे वाय-फाय त्यानंतर यादीत दिसेनासेच झाले. दिवाळीच्या सुट्टीत तो लॅपटॉप घेऊन सेलूला आमच्याकडे आला, तेव्हा बसवलेले सगळे उपसून काढण्यात अर्धा दिवस गेला आणि मूळ दुखणे ओळखायला वीस मिनिटे पुरली. त्या वीस मिनिटांत काय पाहिले ते येथे क्रमाने सांगितले आहे, आणि ड्रायव्हर बदलणे खरोखरच भाग असेल तर ते कसे करावे हेही पुढे दिले आहे.

एक खुलासा आधीच करतो. या लेखातील कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, दोन अपवाद सोडून लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात. वायरलेस उपकरणाचे नाव प्रत्येक लॅपटॉपवर वेगळे असते. ‘आयपी लिंक’ ही कमांड दिल्यावर डब्ल्यूएल या अक्षरांनी सुरू होणारे जे नाव दिसेल, उदाहरणार्थ डब्ल्यूएलपी२एस०, ते आपले. पुढे कमांडमध्ये ‘उपकरण’ असे लिहिले आहे तेथे हे नाव घालावे.

ड्रायव्हरची आवृत्ती म्हणजे नेमके काय

विंडोजवर ड्रायव्हर ही स्वतंत्र वस्तू असते : कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून घ्यायची, तिच्यावर दोनदा क्लिक करायचे, आणि तिचा आवृत्ती क्रमांक तिचा तिचा वेगळा. हीच सवय घेऊन माणूस लिनक्सवर येतो आणि ‘माझ्या कार्डाचा लेटेस्ट ड्रायव्हर कुठे मिळेल’ असे शोधू लागतो. लिनक्सवर मात्र बहुतेक सर्व वायरलेस ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, आतच असतात आणि कर्नलबरोबरच नवे होतात. ‘ईथटूल -आय उपकरण’ ही कमांड देऊन पाहावी. ड्रायव्हर या ओळीत नाव येते, आणि व्हर्जन या ओळीत जो क्रमांक येतो तो ‘यूनेम -आर’ या कमांडने मिळणाऱ्या कर्नलच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळतो. ड्रायव्हरची आवृत्ती विचारणाऱ्याला खरे उत्तर हेच आहे : जी कर्नलची, तीच ड्रायव्हरची.

त्याच कमांडच्या उत्तरात फर्मवेअर व्हर्जन अशी आणखी एक ओळ असते आणि तिच्याकडे नवखे लोक पाहतच नाहीत. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम. तो दर वेळी लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर कार्डात भरतो. या फाइली लिब-फर्मवेअर या फोल्डरमध्ये असतात. उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर त्या लिनक्स-फर्मवेअर या पॅकेजमधून येतात, तर डेबियनवर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-रिअलटेक अशा निरनिराळ्या पॅकेजांतून. कर्नल नवा आणि फर्मवेअर जुने, किंवा याच्या उलट, असा बेबनाव झाला की कार्ड चालते पण अधूनमधून अडखळते. म्हणून वहीत पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : कर्नलचा क्रमांक, ड्रायव्हरचे नाव, फर्मवेअरचा क्रमांक. वही खरोखरचीच घ्यावी, कारण नेट गेले की ऑनलाइन ठेवलेली टिपणे उघडत नाहीत.

दोष कोणाचा, हे आधी ठरवावे

लॅपटॉप, राउटर आणि राउटरपासून पुढची केबलवाल्याची फायबर लाइन या तिघांपैकी कोण रुसले आहे हे कळल्याशिवाय पुढे काहीही करू नये. त्यासाठी ‘आयपी राउट’ ही कमांड द्यावी. ‘डिफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढचा पत्ता आपल्या राउटरचा असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडावीत. एकात ‘पिंग -ओ’ आणि राउटरचा पत्ता द्यावा, दुसऱ्यात ‘पिंग -ओ ८.८.८.८’ द्यावे; हा इंटरनेटवरचा, गुगलचा पत्ता आहे. येथील ओ मोठ्या लिपीतील आहे. तो दिल्यामुळे उत्तर न आलेल्या वेळाही पडद्यावर दिसतात. दोन्ही तसेच चालू ठेवून आपले नेहमीचे काम करावे.

नेट तुटल्याक्षणी दोन्हींकडे पाहावे. राउटरचे उत्तर काही मिलिसेकंदांत व्यवस्थित येत असेल आणि बाहेरचे थांबले असेल, तर दोष पुढच्या लाइनचा आहे; तेथे ड्रायव्हर बदलून काहीही साधणार नाही, केबलवाल्याला फोन करावा. दोन्ही उत्तरे येत असतील आणि तरी संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये वेगळा डीएनएस पत्ता घालून काम भागते. राउटरचेच उत्तर थांबले असेल, किंवा कधी चार आणि कधी नऊशे मिलिसेकंद असे हेलकावे खात असेल, तरच वाय-फायकडे वळावे.

येथेही एक चकवा आहे, आणि मी त्यात तीन आठवडे अडकलो होतो. आमच्या घरात मे महिन्यात रोज दुपारी चार-पाच वेळा वाय-फाय जायचे. दीड-दोन मिनिटांनी आपोआप परत यायचे. कर्नल बदलला, फर्मवेअर बदलले, जुन्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना दोष दिला. अखेर नोंदींमधल्या वेळा वहीत उतरवल्या आणि तेव्हा घरातल्यांच्याच लक्षात आले, की त्या वेळा कूलर सुरू करण्याच्या होत्या. कूलरची मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मंद व्हायचा; तेवढ्या डुबकीने राउटरचा जुना अॅडॉप्टर मान टाकायचा आणि राउटर पुन्हा सुरू व्हायचा. अॅडॉप्टर बदलून राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, आणि तीन आठवड्यांचे दुखणे एका संध्याकाळी संपले. ज्यांच्या गावात लाइट अशीच ये-जा करते त्यांनी राउटरवरचे दिवे एकदा विझून पुन्हा लागतात का, हे डोळ्यांनी पाहावे. घरातल्या फोनचेही वाय-फाय त्याच क्षणी जात असेल, तर लॅपटॉप निर्दोष आहे.

कार्ड ओळखणे

दोष लॅपटॉपकडेच आहे असे ठरल्यावर कार्ड ओळखावे. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड सर्व पीसीआय उपकरणांची यादी देते. तिच्यात नेटवर्क कंट्रोलर असे लिहिलेली ओळ शोधावी. त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात विसर्गचिन्हाने जोडलेल्या दोन चार-चार अक्षरी संख्या असतात. पहिली संख्या कंपनीची असते : ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १४सी३ म्हणजे मीडियाटेक आणि १६८सी म्हणजे क्वालकॉम अॅथेरॉस. दुसरी संख्या त्या कंपनीच्या नेमक्या चिपची असते. कुठेही मदत मागताना लॅपटॉपचे मॉडेल सांगण्यापेक्षा या दोन संख्या सांगाव्यात, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या निरनिराळी कार्डे बसवतात.

त्याखालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ सर्वांत मोलाची. ती असेल तर ड्रायव्हर कार्डाला लागलेला आहे. ती नसेल तर कार्डाला ड्रायव्हरच मिळालेला नाही, आणि हा प्रश्न तुटण्याचा नसून मुळातच न जोडण्याचा आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर ती ओळ नव्हती. त्याने बसवलेल्या तीन ड्रायव्हरांपैकी एकाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टने कर्नलमधील मूळ ड्रायव्हरचे नाव ब्लॅकलिस्टमध्ये घातले होते. नवा ड्रायव्हर त्या कर्नलवर चाललाच नाही, आणि जुन्याला दार बंद. ईटीसी या फोल्डरमधील मॉडप्रोब.डी या उपफोल्डरमध्ये अशा फाइली असतात. त्यांतील ब्लॅकलिस्ट या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी वाचून पाहाव्यात. मात्र त्या फोल्डरमध्ये सिस्टीमच्या स्वतःच्याही काही फाइली असतात. आपण किंवा आपण चालवलेल्या स्क्रिप्टने टाकलेली फाइल ओळखता आली तरच ती काढावी.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल, तर विंडोज बंद करताना ते पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत राहते. त्यानंतर लिनक्स सुरू केल्यास कार्ड कधी दिसते, कधी दिसत नाही. ती सोय विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

नोंदी वाचायला शिकणे

लिनक्स जे करतो ते लिहून ठेवतो. ‘जर्नलसीटीएल -के -एफ’ ही कमांड कर्नलच्या नोंदी पडद्यावर येतील तशा दाखवते. ती चालू ठेवून वाय-फाय तुटण्याची वाट पाहावी. लॅपटॉप अडकून बंदच करावा लागला असेल, तर पुन्हा सुरू केल्यावर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ या कमांडने आधीच्या वेळच्या नोंदी मिळतात. इंग्रजी मजकुराची ही भिंत पाहून पहिल्यांदा छाती दडपते, पण त्यात आपल्या कामाच्या ओळी मोजक्याच असतात.

तुटण्याच्या क्षणाला दोन सारख्या दिसणाऱ्या ओळींत मोठा फरक आहे. ‘डीऑथेंटिकेटेड फ्रॉम’ आणि पुढे राउटरचा पत्ता अशी ओळ असेल, तर राउटरने लॅपटॉपला बाहेर काढले आहे. ‘डीऑथेंटिकेटिंग फ्रॉम’ आणि शेवटी ‘बाय लोकल चॉइस’ असे असेल, तर लॅपटॉपने स्वतःहून नाते तोडले आहे. फरक एका क्रियापदाचा, पण त्यावरून कोणत्या बाजूला शोधायचे हे ठरते. कंसात कारणाचा क्रमांकही असतो. कारण ४ म्हणजे बराच वेळ काही हालचाल दिसली नाही. पॉवर सेव्हमुळे कार्ड झोपी जाते तेव्हा हे वरचेवर दिसते. कारण १५ म्हणजे पासवर्डची देवाणघेवाण वेळेत पूर्ण झाली नाही. यामागे चुकीचा पासवर्ड असतो किंवा फार क्षीण सिग्नल. ‘जर्नलसीटीएल -यू डब्ल्यूपीए_सप्लिकंट’ या नोंदींत ‘बीकन लॉस’ असे शब्द दिसले, तर त्याचा अर्थ असा, की राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा जी हजेरी लावतो ती लॅपटॉपला ऐकू येईनाशी झाली. माझ्या कूलरच्या प्रकरणात रोज दुपारी हेच शब्द होते.

दुसऱ्या प्रकारच्या ओळी फर्मवेअरच्या असतात. इंटेलच्या कार्डावर ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’, अॅथेरॉसच्या एटीएच१०के या ड्रायव्हरवर ‘फर्मवेअर क्रॅश्ड’, रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरवर ‘फर्मवेअर फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट’ असे काही दिसले, तर मात्र प्रश्न खरोखर ड्रायव्हर-फर्मवेअरच्या जोडीचा आहे. याउलट, लॅपटॉप सुरू होताना इंटेलच्या कार्डावर ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर -२’ अशा दोन-चार ओळी दिसल्या, तर घाबरू नये. ड्रायव्हर सर्वांत नव्या फर्मवेअरपासून मागे मागे शोधत येतो, न मिळालेल्या प्रत्येकाची तक्रार लिहितो, आणि जे मिळते ते भरतो. त्याखाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ आली असेल, तर काम झालेले आहे.

सिग्नल, चॅनेल आणि भिंती

‘आयडब्ल्यू डेव्ह उपकरण लिंक’ या कमांडच्या उत्तरात सिग्नलपुढे उणे चिन्हाची एक संख्या असते, ती डीबीएम या एककात. ती शून्याच्या जितकी जवळ तितका सिग्नल जोरकस. साधारणपणे -५० उत्तम, -६५ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, -७५ च्या पुढे रडतखडत, आणि -८० च्या पलीकडे तुटणे अटळ. या मोजमापात तीनचा फरक म्हणजे शक्ती निम्मी आणि दहाचा फरक म्हणजे दहावा हिस्सा. म्हणून -६० आणि -८० यांत शंभर पटींचे अंतर असते. पडद्यावरच्या कोपऱ्यातल्या रेघा ही तफावत सांगत नाहीत.

आपल्याकडील घरांचा येथे संबंध येतो. दगड-मातीची दीड-दोन फूट जाडीची भिंत आणि वरचे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून क्वचितच पलीकडे जातो, आणि पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणखी सिग्नल खाते. स्लॅबच्या घरातही राउटर लोखंडी कपाटावर, पत्र्याच्या कूलरमागे किंवा कोनाड्यात आत ढकलून ठेवलेला असतो. तो छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी आणून पुन्हा मोजमाप घ्यावे. भिंती जाड असतील तर २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा वापरावा. एकाच खोलीत राउटर असेल तर ५ गिगाहर्ट्झ. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिलेले असते तेव्हा लॅपटॉप दोघांमध्ये उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीला नेट अडखळते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये बँड या रकान्यात हवा तो पट्टा पक्का करता येतो.

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये जेथे एकेका गल्लीत खोल्याच खोल्या आहेत, तेथे अडचण भिंतींची नसून गर्दीची असते. ‘एनएमसीएलआय डेव्ह वायफाय लिस्ट’ ही कमांड आजूबाजूचे सर्व राउटर, त्यांचे चॅनेल आणि सिग्नल दाखवते. भाच्याच्या खोलीतून घेतलेल्या यादीत एकवीस राउटर होते आणि त्यांतील तेरा चॅनेल ६ वर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच आहेत, त्यामुळे मोकळे वाटते म्हणून ३ किंवा ४ घेणे म्हणजे दोन्हीकडच्या गोंगाटात बसणे होय. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे, आणि २०१८ पासून भारतात हा पट्टा घरगुती वापरासाठी बराच मोकळा झालेला आहे. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतील चॅनेल निवडावे.

राउटर फोनवर दिसतो पण लॅपटॉपवर दिसतच नाही, असे असेल तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ देऊन देशाचा संकेत पाहावा. तेथे ०० असेल, तर कार्डाने सर्वांत सावध नियम धरले आहेत. ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ देऊन भारताचा संकेत द्यावा, आणि ‘पिंग -ओ’मधल्या ओप्रमाणे येथील आय आणि एनही मोठ्या लिपीत लिहावेत. अमेरिकेचे नियम धरलेल्या कार्डाला चॅनेल १२ आणि १३ दिसत नाहीत. अशा वेळी राउटरच १ किंवा ११ वर आणणे सोपे.

ब्लूटूथचा हेडफोन लावला की वाय-फाय मंदावते, पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली की तुटते, हेही भ्रम नव्हेत. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवरच चालते आणि यूएसबी ३ च्या जोडणीतून त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. ५ गिगाहर्ट्झवर जाणे हा दोन्हींवरचा उपाय.

आता भाच्याच्या लॅपटॉपचे मूळ दुखणे. राउटर चार हातांवर असताना सिग्नल -७९. त्यात आरटीएल८७२३बीई हे कार्ड होते. या कार्डाला दोन अँटेना जोडता येतात, पण काही लॅपटॉपमध्ये एकच जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमका दुसऱ्या, रिकाम्या टोकाकडे कान लावून बसतो. ‘सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई’ देऊन ड्रायव्हर काढला आणि ‘सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२’ देऊन पुन्हा घातला. सिग्नल -४८. काही लॅपटॉपवर २ ऐवजी १ द्यावा लागतो. हा बदल टिकवण्यासाठी मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये नवी फाइल करून तिच्यात ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२’ ही एकच ओळ लिहिली. ड्रायव्हर तोच, कर्नल तोच, आणि तीन ड्रायव्हरांनी जे केले नाही ते एका अंकाने केले. कोणत्याही ड्रायव्हरला असे कोणकोणते पर्याय आहेत, हे ‘मॉडइन्फो -पी’ आणि पुढे ड्रायव्हरचे नाव दिल्यास कळते.

पॉवर सेव्ह

बॅटरी वाचवण्यासाठी कार्ड मधूनमधून डुलकी घेते, आणि काही कार्डे त्या डुलकीतून वेळेवर उठत नाहीत. काही न करता पाच मिनिटे गेली की नेट बंद, आणि पुन्हा जोडले की सुरू, हे त्याचे ठरलेले लक्षण. ‘आयडब्ल्यू डेव्ह उपकरण गेट पॉवर_सेव्ह’ देऊन स्थिती पाहावी आणि ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह उपकरण सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ देऊन ते तात्पुरते बंद करावे. दिवसभर वापरून फरक पडला, तरच कायमचा बदल करावा. उबंटूवर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन या नावाची फाइल असते, तिच्यात वायफाय.पॉवरसेव्ह पुढे ३ हा अंक असतो. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. अंक बदलून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, हे मान्य करावे.

इंटेलच्या कार्डांवर याशिवाय आयडब्ल्यूएलएमव्हीएम या भागाला पॉवर_स्कीम=१ असा पर्याय देता येतो. मीडियाटेकच्या एमटी७९२१ई आणि रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू८८_पीसीआय या ड्रायव्हरांना डिसेबल_एएसपीएम=१ हा पर्याय आहे. झोपवलेला लॅपटॉप उघडल्यावर वाय-फाय परत येत नसेल, तर हा आधी करून पाहावा. पण एका वेळी एकच बदल करावा, आणि तो वहीत तारखेसह लिहावा.

कर्नल आणि फर्मवेअर बदलायचेच असेल तर

नोंदींत फर्मवेअर कोसळल्याच्या ओळी आहेत, किंवा कार्डाला ड्रायव्हरच लागलेला नाही, असे दिसल्यावर आवृत्तीकडे वळावे. प्रत्येक कार्ड कर्नलमध्ये केव्हा आले याला महत्त्व आहे. इंटेलचे एएक्स२०० हे कार्ड ५.१ पासून चालते आणि एएक्स२१० हे ५.१० पासून, रिअलटेकचे आरटीएल८८२१सीई ५.९ पासून आणि आरटीएल८८५२एई ५.१६ पासून; मीडियाटेकचे एमटी७९२१ हे ५.१२ पासून. उबंटू २०.०४ मूळ ५.४ कर्नलसह आली होती, म्हणून त्या काळी आरटीएल८८२१सीई असलेल्यांना बाहेरून ड्रायव्हर आणून बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो सल्ला त्या वेळी बरोबर होता. आज तो नव्या कर्नलवर कोणी पाळला, तर एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर भांडू लागतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी सिस्टीमचे नेहमीचे अपडेट पूर्ण करावे. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज त्यात नवे होते. लॅपटॉपचे वाय-फायच चालत नसेल, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तरी भागले नाही तर नवा कर्नल घ्यावा. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांमध्ये यासाठी एचडब्ल्यूई नावाची सोय आहे, २२.०४ ही आवृत्ती ५.१५ कर्नलवर निघाली, पण तिच्यावर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४’ दिल्यास ६.८ मिळतो. मिंटवर अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूत लिनक्स कर्नल्स या पर्यायात यादीच असते. डेबियनवर बॅकपोर्ट्समधून, म्हणजे चालू आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांतून, नवा कर्नल आणि नवे फर्मवेअर दोन्ही बरोबर घ्यावेत; डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्येच असते, त्यामुळे पहिल्या दिवसाची धावपळ आता उरलेली नाही.

उलटही घडते : काल चालणारे वाय-फाय आज अपडेटनंतर तुटू लागते. अशा वेळी लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा, मेन्यू आणावा, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जावे आणि आधीचा कर्नल निवडावा. जुन्या कर्नलवर सगळे ठीक चालले, तर गुन्हेगार सापडला. त्यासाठीच जुना कर्नल साफसफाईच्या नादात काढून टाकू नये. मी स्वतः निदान एक तरी चाललेला कर्नल नेहमी राखून ठेवतो.

बाहेरचा ड्रायव्हर हा शेवटचा पर्याय, आणि तो घ्यावाच लागला तर डीकेएमएसच्या मार्फत घ्यावा, म्हणजे कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप नव्याने बांधला जातो. नुसता ‘मेक इन्स्टॉल’ करून बसवलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला गायब होतो. काय काय बसलेले आहे हे ‘डीकेएमएस स्टेटस’ सांगते. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या कार्डांना मात्र कंपनीचा डब्ल्यूएल हा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो. उबंटूवर तो अॅडिशनल ड्रायव्हर्स या खिडकीतून मिळतो. ड्रायव्हर बसला तरी ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर आले, तर सिक्युअर बूटने, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणाऱ्या सोयीने, त्याला अडवले आहे. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ देऊन ते चालू आहे का पाहावे. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगितला जातो आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ असा पर्याय येतो. तो दहा सेकंदांत निघून जातो आणि बहुतेक जण तेथेच चुकतात. तो निवडून तोच पासवर्ड द्यावा.

डोंगल किंवा नवे कार्ड

इतके करून जमले नाही, तर कार्ड बदलण्यात कमीपणा नाही. यूएसबी डोंगल घेताना खोक्यावर ‘लिनक्स सपोर्टेड’ लिहिलेले असले तरी आतली चिप कोणती हे विचारावे. रिअलटेकच्या आरटीएल८८२२बीयू आणि आरटीएल८८२१सीयू या चिपांचे ड्रायव्हर ६.२ पासून कर्नलमध्येच आहेत. डोंगल लावल्यावर वाय-फायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसू लागला आणि ‘एलएसयूएसबी’च्या यादीत ०बीडीए:१ए२बी असे आले, तर त्याने विंडोजचे ड्रायव्हर असलेला आपला खोटा चेहरा पुढे केला आहे, यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज बसवले की तो वाय-फायच्या रूपात येतो. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने लॅपटॉपपासून वीतभर दूर ठेवला, तर यूएसबी ३ चा गोंगाटही टळतो.

आतले कार्ड बदलायचे असेल, तर एएक्स२०० आणि एएक्स२०१ या एका अंकाच्या फरकाकडे लक्ष द्यावे : पहिले साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालते, दुसऱ्याला ठरावीक इंटेल प्रोसेसरची सीएनव्हीआय जोडणीच लागते आणि दुसरीकडे ते मुळीच चालत नाही. काही लॅपटॉप कंपन्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी ठेवतात, तेव्हा दुकानदाराशी कार्ड परत घेण्याचे आधी बोलून ठेवावे. उघडताना बॅटरीची जोडणी आधी काढावी. कार्डावरून अँटेनाच्या दोन बारीक तारा नखाने सरळ वर उचलाव्यात, तिरक्या ओढू नयेत, आणि नवे कार्ड बसल्यावर त्या ‘टिक’ असा आवाज येईपर्यंत दाबाव्यात. झाकण लावण्यापूर्वी लॅपटॉप सुरू करून सिग्नलचा आकडा एकदा पाहून घ्यावा. जुन्याच जागी बसून तो -७० च्या खाली दिसला, तर एखादी तार नीट बसलेली नाही.